मर्यादित रकमेत होम थिएटर: वऱ्हाडातील कुटुंबांसाठी काही सूचना

अमरावती-अकोल्याकडील वाचकांकडून एकच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत वारंवार विचारला जातो. भिंतीवर मोठ्या हौसेने लावलेल्या चपट्या टी.व्ही.वर चित्र उत्तम दिसते, पण पात्रे काय बोलतात ते कळत नाही. आवाज वाढवावा तर पार्श्वसंगीत अंगावर येते, कमी करावा तर संवाद कूलरच्या घरघरीत बुडून जातात. आणि दुकानात चौकशीला जावे तर हजारो वॅटांचे आकडे, पाच-सात स्पीकरांचे खोके आणि ‘डॉल्बी’ची चिन्हे समोर मांडली जाऊन, ज्या अडचणीसाठी घरातून निघालो तिचाच विसर पडतो. हाती रक्कम मोजकी असते, ती बहुधा दिवाळीच्या सुमारास किंवा कापूस-सोयाबीनचे पैसे आल्यावर मोकळी झालेली असते, आणि एकदा चुकीच्या जिनसेवर खर्ची पडली की पुन्हा काही वर्षे तशी उभी राहत नाही. म्हणून या बाबतीत काय घ्यावे यापेक्षा कोणत्या क्रमाने घ्यावे, याचा विचार अधिक निकडीचा आहे, आणि प्रस्तुत लेखात त्या क्रमावरच भर दिला आहे.

आरंभीच एक कसोटी निश्चित करा: आपल्या घरातील सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीला, नेहमीच्या जागी बसून, मालिकेतील किंवा बातम्यांतील प्रत्येक वाक्य ताण न घेता ऐकू आले पाहिजे. धमाक्यांचा थरार आणि पाठीमागून येणारा पावसाचा आवाज या गोष्टी आनंददायक खऱ्या, पण त्या नंतरच्या. आपल्याकडे रोज जे पाहिले जाते त्यातील बराचसा भाग, म्हणजे बातम्या, मालिका, कीर्तने, जुनी गाणी, हा मुळातच दोन मार्गांच्या (चॅनेलच्या) ध्वनीचा असतो, आणि जुने कृष्णधवल चित्रपट तर एकाच मार्गाचे. ‘शोले’च्या (१९७५) ७० मि.मी. प्रतींबरोबर स्टिरिओफोनिक ध्वनी आला, त्याचे तेव्हा केवढे अप्रूप वाटले होते! समोरचे दोन स्पीकर उत्तम असतील तर या सर्वांना न्याय मिळतो. ते सामान्य असतील तर मागे आणखी चार लावूनही मिळत नाही.

पैसा खर्च करण्यापूर्वी

पुढील गोष्टींना एक रुपयाही लागत नाही, किंवा लागलाच तर मामुली लागतो. त्या केल्यावर कित्येकांची तक्रार निम्म्याने कमी होते.

- टी.व्ही.च्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘सराउंड’, ‘मूव्ही’ यांसारखे प्रकार बंद करा आणि ‘स्टँडर्ड’ किंवा संवाद स्पष्ट करणारा ‘व्हॉइस’, ‘डायलॉग’ या नावाचा पर्याय निवडा. रात्री ऐकताना ‘नाइट मोड’ लावल्यास मोठे आवाज दबतात आणि हळू संवाद वर येतात.
- साउंडबार किंवा स्पीकर आधीच घरात असतील तर टी.व्ही.चे अंतर्गत स्पीकर बंद आहेत की नाही ते तपासा. दोन्ही एकदम चालू असल्यास किंचित पुढे-मागे येणारे दोन आवाज एकमेकांना पुसतात आणि शब्द अस्पष्ट होतात.
- कूलरकडे लक्ष द्या. आपल्याकडे मार्चपासून जूनच्या मध्यापर्यंत तो जवळजवळ अखंड चालतो आणि पूर्ण वेगात त्याचा आवाज साध्या संभाषणाच्या पातळीला सहज पोहोचतो. पंख्याच्या पात्यांवर बसलेला क्षार खरवडून काढणे, बेअरिंगला तेल देणे, स्टँडच्या पायांखाली रबराचे तुकडे ठेवणे, खिडकीच्या चौकटीला लागणारा पत्रा सैल करणे एवढ्यानेही फरक पडतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात पाण्यातील क्षारामुळे पात्यांचा तोल लवकर बिघडतो, म्हणून तेथे ही साफसफाई हंगामात एकदाच करून भागत नाही.

कूलर दुरुस्त न करता त्याच्यावर मात करण्यासाठी मोठा अँप्लिफायर घेणे हा सर्वांत महाग आणि सर्वांत निरुपयोगी उपाय आहे. कारण त्यायोगे घरातील गोंगाटाची एकूण पातळी वाढते आणि कान लवकर थकतात.

खोली आणि रुई

सिमेंटचा स्लॅब, गिलाव्याच्या गुळगुळीत भिंती, खाली कोटा किंवा चकचकीत टाइल, काचेची दारे असलेली शोकेस आणि मोजके फर्निचर, अशी आजच्या आपल्या हॉलची सर्वसाधारण रचना असते. या प्रत्येक कठीण पृष्ठभागावरून ध्वनी परत फिरतो, आणि स्पीकरमधून निघालेला शब्द कानी पोहोचतो न पोहोचतो तोच त्याच शब्दाचे भिंतींवरून आलेले अनेक पडसाद त्याच्यावर येऊन आदळतात. खोलीच्या मध्यभागी उभे राहून एकदा जोराने टाळी वाजवा. टाळीमागून धातूसारखी झणझण ऐकू आली तर दोष यंत्रात नसून खोलीत आहे असे खुशाल समजा. अशा खोलीत लाखाचा संचही संवाद स्पष्ट करू शकत नाही.

या दोषावरचा उपाय आपल्या प्रांतात मुबलक पिकतो, याचे आपल्याला विस्मरण होते. ध्वनी शोषून घेण्यासाठी तंतुमय, सच्छिद्र आणि पुरेशी जाड वस्तू लागते, आणि पिंजलेल्या रुईत हे तिन्ही गुण आहेत. बाजारात मिळणारे पाऊण-एक इंची फोमचे कोरीव चौकोन किंवा अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून फक्त अगदी वरचे सूर मंद होतात. मनुष्याच्या आवाजाचा जो भाग खोलीत घुमतो तो तसाच राहतो. त्याऐवजी सुताराकडून दोन फूट रुंद, चार फूट उंच आणि चार इंच खोल अशा साध्या लाकडी चौकटी करून घ्या, गादीवाल्याकडून त्यांत पिंजलेली रुई सैल पण सलग भरून घ्या, ती खाली बसू नये म्हणून गादीप्रमाणे टाके घालण्यास सांगा, आणि समोरून विरळ विणीचे सुती कापड ताणून बसवा. जुन्या गादीची रुई पुन्हा पिंजून वापरली तरी चालते.

या चौकटी कोठे लावाव्यात हे ठरविण्याची रीत सोपी आहे. आपण नेहमीच्या जागी बसा आणि दुसऱ्या व्यक्तीला बाजूच्या भिंतीवरून हातातला आरसा सरकवत नेण्यास सांगा. ज्या ठिकाणी आरशात स्पीकर दिसेल ते ठिकाण परावर्तनाचे. दोन्ही बाजूंच्या भिंतींवर अशी एकेक जागा, आणि तिसरी चौकट प्रेक्षकांच्या डोक्यामागील भिंतीवर. त्याला जोड म्हणून समोरच्या टाइलवर जाड सतरंजी, खिडकीला दुहेरी पडदा, आणि पुस्तकांचे उघडे कपाट. एवढ्याने शब्दांत जो उठाव येतो तो ऐकल्यावर नवा संच घेण्याचा बेत पुढे ढकलावासा वाटणे अगदी स्वाभाविक आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी येथेच सांगितल्या पाहिजेत. रुई चटकन पेट घेते; तेव्हा विजेचे बोर्ड, देवघरातील समई आणि तापणारा अँप्लिफायर यांच्याजवळ ती लावू नका, आणि पावसाळा संपताच चौकटी उन्हात टाका. दुसरे असे, की या चौकटी खोलीतील घुमारा कमी करतात, शेजाऱ्याकडे जाणारा आवाज अडवीत नाहीत, आणि अतिखर्ज ध्वनीवर त्यांचा प्रभाव जवळजवळ नसतो.

खर्ज ध्वनीचा दोष जागा बदलून दूर करावा लागतो. १२ फूट लांबीच्या खोलीत सुमारे ४७ हर्ट्‌झचा स्वर दोन भिंतींमध्ये अडकून राहतो. भिंतीला टेकून बसणाऱ्याला तो फुगलेला ऐकू येतो, तर खोलीच्या बरोबर मध्यावर बसणाऱ्याला तो जवळजवळ नाहीसा झालेला असतो. दिवाण किंवा सोफा मागच्या भिंतीपासून फूट-दीड फूट पुढे घेता आला तर घ्या. लांबी-रुंदी सारखी असलेल्या खोलीत हा दोष दुप्पट जाणवतो; अशा घरांत सबवूफर घेण्याची घाई मुळीच करू नये.

वॅटच्या आकड्यांचे सत्य

खोक्यावर छापलेला ‘पी.एम.पी.ओ.’चा आकडा वाचूच नका. त्याच्या मोजणीला कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. ‘आर.एम.एस.’ या शीर्षकाखालील आकडा विचारात घ्यावा, आणि तोही किती ओहमवर व किती मार्ग एकाच वेळी चालू असताना मोजला आहे ते विचारावे. विक्रेत्याकडे उत्तर नसेल तर यंत्राच्या मागच्या पट्टीवरील विजेच्या वापराचा आकडा पाहा. जे यंत्र भिंतीतून ६० वॅट वीज घेते ते सतत ५०० वॅटचा ध्वनी देऊ शकत नाही, हे समजण्यास अभियंता असण्याची आवश्यकता नाही.

स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘सेन्सिटिव्हिटी’ हा आकडा असतो, आणि माझ्या मते तो वॅटपेक्षा महत्त्वाचा आहे. ८७ डेसिबल लिहिले असेल तर एक वॅट दिल्यावर एक मीटर अंतरावर तेवढा आवाज मिळतो. वॅट दुप्पट केले की केवळ तीन डेसिबल वाढतात, आणि कानाला आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावा यासाठी सुमारे दहापट वॅट खर्चावे लागतात. यावरून दोन गोष्टी उघड होतात: ८४ ऐवजी ९० डेसिबलचा स्पीकर निवडणे हे अँप्लिफायरची शक्ती चौपट करण्यासारखे आहे, आणि १० फुटांवर बसून ऐकणाऱ्या कुटुंबाला प्रत्येक मार्गास ३० ते ५० खरे वॅट पुरून उरतात. साधे संभाषण ६० डेसिबलच्या आसपास असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे एवढी शक्ती का पुरते ते कळेल.

ओहमचा मेळही पाहा. अँप्लिफायरच्या मागे ‘६ ते १६ ओहम’ असे लिहिले असताना त्याला ४ ओहमचे जुने स्पीकर जोडल्यास तो तापतो, आणि अकोल्याच्या मे महिन्यात तर फारच लवकर तापतो.

साउंडबार, स्पीकरांची जोडी की पूर्ण संच?

ही निवड रकमेवर जितकी अवलंबून आहे तितकीच आपण पुढे वाढ करणार आहात की नाही यावर अवलंबून आहे.

१. दहा हजारांच्या आगेमागे. अँप्लिफायर आतच असलेली, ऑप्टिकल किंवा एच.डी.एम.आय. ए.आर.सी. (टी.व्ही.चा ध्वनी एच.डी.एम.आय. वायरीतूनच बाहेर नेणारी) जोडणी असलेली दोन स्पीकरांची जोडी, किंवा वेगळ्या सबवूफरसह साउंडबार. जागा असेल तर मी जोडीचीच शिफारस करीन, कारण दोन वेगळे स्पीकर जे रुंद आणि सुस्पष्ट चित्र उभे करतात ते एका पट्टीतून येत नाही. टी.व्ही.खाली एका वितीची जागा असेल, घर भाड्याचे असेल आणि वायरी नको असतील, तर साउंडबार घ्या. मात्र तो पुढे वाढविता येत नाही, त्याचा सबवूफर दुसऱ्या कशाला जोडता येत नाही, आणि आतील बोर्ड निकामी झाले तर बहुधा सगळाच टाकावा लागतो, हे पत्करून घ्या.

२. पंचवीस ते चाळीस हजार. दोन मार्गांचा अँप्लिफायर आणि चांगल्या बुकशेल्फ स्पीकरांची जोडी. रकमेचा निम्म्याहून अधिक भाग स्पीकरांवर, सुमारे तिसरा हिस्सा अँप्लिफायरवर आणि उरलेला वायर, स्टँड व वर सांगितलेल्या रुईच्या चौकटींवर, अशी विभागणी ठेवावी. अँप्लिफायर पाच वर्षांनी बदलला जातो. चांगले स्पीकर वीस वर्षे टिकतात.

३. त्याहून अधिक. एच.डी.एम.आय. असलेला पाच मार्गांचा रिसीव्हर, म्हणजे सर्व जोडण्या आणि अँप्लिफायर एकत्र असलेले यंत्र, घ्या, पण पहिल्या वर्षी त्याला फक्त पुढचे दोन किंवा तीन स्पीकर जोडा. उरलेली स्थाने रिकामी ठेवल्याने रिसीव्हरला काही अपाय होत नाही.

या किमतींत पाच स्पीकर, सबवूफर आणि प्लेअर एकाच खोक्यात देणारे संच चौथा पर्याय म्हणून पुढे केले जातात. त्यांपैकी अनेकांची जोडणी त्याच कंपनीच्या खास प्लगची असते, म्हणजे एक भाग बिघडला की बाहेरचा बसत नाही. ज्यांना टप्प्याटप्प्याने वाढ करावयाची आहे त्यांनी अशा संचापासून दूर राहावे.

टी.व्ही.ही आताच घ्यावयाचा असेल तर एक बाब लक्षात घ्या: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांहून मोठ्या टी.व्ही.वरील जी.एस.टी. २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. या सवलतीतून वाचलेली रक्कम पडदा आणखी काही इंचांनी वाढविण्याकडे न वळवता ध्वनीकडे वळवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वाढीचा क्रम

पुढची जोडी हा पाया. श्रोता, डावा स्पीकर आणि उजवा स्पीकर यांचा समभुज त्रिकोण व्हावा, आणि स्पीकरमधील लहान घुमट, म्हणजे ट्वीटर, कानाच्या उंचीवर यावा. खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी ही उंची सव्वातीन ते साडेतीन फूट पडते. गादी-लोडाच्या भारतीय बैठकीवर ती बरीच खाली येते, म्हणून बैठक जमिनीवर असलेल्या घरांत उंच स्टँड घेऊ नयेत.

त्यानंतर मधला स्पीकर. एकटा-दुकटा मनुष्य बरोबर मध्यभागी बसत असेल तर दोन स्पीकरांमधूनच संवाद मधोमध आल्याचा भास होतो आणि तिसऱ्याची गरज पडत नाही. परंतु आपल्याकडे सहा-आठ माणसे हॉलभर पसरून बसतात, आणि कडेला बसलेल्याला संवाद जवळच्या स्पीकरमधून येताना ऐकू येतात. अशा कुटुंबांसाठी मधला स्पीकर सबवूफरच्या आधी घ्यावा. तो पुढच्या जोडीच्याच कंपनीचा आणि शक्यतो त्याच मालिकेतील असावा, नाहीतर पात्र पडद्यावर डावीकडून उजवीकडे चालत गेले की त्याचा आवाज मध्येच बदलतो.

सबवूफर तिसरा. त्याची जागा शोधण्याची एक खात्रीची युक्ती आहे: सबवूफर तात्पुरता आपल्या बसण्याच्या जागी ठेवा, खर्जाचे गाणे लावा, आणि भिंतीकडेने गुडघ्यावर फिरत कान लावा, जेथे खर्ज एकसारखा, न फुगलेला ऐकू येईल तेथे तो कायमचा ठेवा. रिसीव्हरमध्ये इतर स्पीकर ‘स्मॉल’ ठरवून विभाजनाची सीमा ८० हर्ट्‌झवर ठेवावी. ज्यांची भिंत शेजाऱ्याशी सामाईक आहे त्यांनी तो त्या भिंतीला लावू नये. ध्वनिप्रदूषण नियम, २००० यांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि खर्ज ध्वनी भिंतीतून सर्वाधिक पार होतो.

मागचे दोन स्पीकर शेवटी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत त्यांची जागा समोरच्या मध्यरेषेपासून १०० ते १२० अंशांवर, म्हणजे पाठीमागे नव्हे तर कुशीच्या किंचित मागे सांगितली आहे. ती आपल्या लहान हॉलनाही सोयीची आहे. छताकडून येणाऱ्या ध्वनीची डॉल्बी ॲटमॉसची योजना २०१२ पासून सिनेमागृहांत आली आणि पुढे घरांतही आली. मर्यादित रकमेच्या कुटुंबाने तिचा विचार तूर्त सोडून द्यावा.

जोडणीतील खाचखळगे

- टी.व्ही.च्या ज्या एच.डी.एम.आय. पॉइंटवर ‘ए.आर.सी.’ लिहिले आहे त्यालाच रिसीव्हर जोडा आणि टी.व्ही.मध्ये सी.ई.सी. (जोडलेल्या यंत्रांनी एकमेकांना नियंत्रित करण्याची सोय) चालू करा. ऑप्टिकल वायर स्वस्त आणि खरखरमुक्त आहे, पण ओ.टी.टी. सेवांचा डॉल्बी डिजिटल प्लस ध्वनी तिच्यातून जात नाही, टी.व्ही.ला तो साध्या डॉल्बी डिजिटलमध्ये किंवा दोन मार्गांत उतरवून द्यावा लागतो.
- ‘ई-ए.आर.सी.’ नाही म्हणून चांगला टी.व्ही. काढून टाकू नका. ओ.टी.टी.साठी साधे ए.आर.सी. पुरते.
- स्पीकरची वायर तांब्याची असावी. १५-२० फुटांपर्यंत दीड स्क्वेअर एम.एम., त्यापुढे अडीच. वरून तांबूस दिसणारी वायर चाकूने खरवडून पाहा. आत पांढरा धातू दिसला तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची आहे. यापलीकडे महागड्या वायरींवर पैसे घालवू नका.
- दोनपैकी एकाच स्पीकरचे लाल-काळे टोक उलटे लागले की खर्ज नाहीसा होतो आणि आवाज मधोमध उभा राहत नाही. ‘सेट बिघडला’ म्हणून दुरुस्तीला जाणाऱ्या कित्येक संचांचा दोष एवढाच असतो.

जुना माल घेताना

नागपूर, पुणे, मुंबईकडून येणारा जुना माल हा कमी पैशांत उत्तम स्पीकर मिळविण्याचा खरा मार्ग आहे, परंतु पाहिल्या-ऐकल्याशिवाय तो घेऊ नये. स्पीकरच्या कागदी कोनाभोवतीची कड फोमची असेल तर ती उष्णतेने आणि दमट हवेने वर्षानुवर्षांत भुसभुशीत होते. रबराची कड अधिक टिकते. कोन दोन्ही हातांच्या बोटांनी हलकेच समान दाबा: आत घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी झाली आहे, आणि कोन बदलण्याचा खर्च किमतीतून वजा झाला पाहिजे. अँप्लिफायरची बटणे फिरविताना खरखर झाली तर घाबरू नका, ती साफसफाईने जाते. पण गाणे बंद असताना सतत घुमणारी गुणगुण जात नसेल तर तो नाकारा. जुना रिसीव्हर घेताना त्याचे एच.डी.एम.आय. पॉइंट एकेक करून लावून पाहावेत, कारण विजेच्या धक्क्याने प्रथम तेच जातात आणि त्यांची दुरुस्ती महाग पडते.

वीज आणि उष्णता

पारा ४५ अंशांच्या घरात असताना बंद काचेच्या शोकेसमध्ये ठेवलेला रिसीव्हर फार काळ जगत नाही. त्याच्या वर आणि दोन्ही बाजूंना किमान चार-सहा इंच मोकळी जागा ठेवा, वर सेट-टॉप बॉक्स किंवा रुमाल ठेवू नका, आणि कूलरचा दमट झोत थेट त्याच्यावर येणार नाही असे पाहा.

‘स्पाइक गार्ड’ क्षणिक उसळी काही प्रमाणात अडवितो, पण व्होल्टेज कमी-जास्त होत असेल तर ते सुधारीत नाही. त्यासाठी स्टॅबिलायझरच लागतो. इन्व्हर्टरवर संच चालवावयाचा असेल तर तो शुद्ध साइन वेव्हचा असावा, नाहीतर स्पीकरमधून गुणगुण येते. ती गुणगुण घालविण्यासाठी प्लगची तिसरी, अर्थिंगची पिन काढून टाकण्याचा सल्ला काही मिस्त्री देतात. तो जिवावर बेतणारा आहे, कदापि मानू नका. उन्हाळ्यात काळी जमीन भेगाळून कोरडी पडते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालीत जा. मे-जूनच्या वळवाच्या पावसात ढग गडगडू लागले की प्लगही काढा आणि छत्रीची किंवा केबलची वायरही काढा, कारण वीज त्याही वाटेने घरात शिरते.

दुकानात गेल्यावर

आपल्या ओळखीचा ध्वनी बरोबर घेऊन जा. तुकडोजी महाराजांच्या भजनांतील खंजिरी कर्कश होते की सुटी, खणखणीत ऐकू येते, अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि लताबाईंचा स्वर असलेले ‘उंबरठा’तील (१९८२) गाणे लावल्यावर श्वासाची किनार कळते की नाही, ‘सैराट’मधील (२०१६) मोठ्या वाद्यवृंदात व्हायोलिने वेगळी ओळखू येतात की एकच गोळा होतो, आणि मराठी बातम्यांतील निवेदकाचा आवाज नाकातून आल्यासारखा वाटतो काय, इतक्या चार परीक्षा पुरेशा आहेत. दोन संचांची तुलना करताना दोन्हींचा आवाज सारख्याच पातळीवर ठेवण्यास सांगा, कारण किंचित मोठा असलेला आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो.

नंतर हे प्रश्न विचारा, आणि शक्य तर उत्तरे बिलावर किंवा संदेशात लेखी घ्या: दुरुस्ती अमरावतीत वा अकोल्यात होते की यंत्र नागपूरला पाठवावे लागते? हमीच्या मुदतीत ने-आण करण्याचा खर्च कोणाचा? हमी भारतातील कंपनीची की केवळ दुकानदाराची? परदेशी मालावर आयातदाराचे नाव-पत्ता आणि कमाल किंमत छापलेली आहे काय? ब्लूटूथ स्पीकरसारख्या ज्या वस्तूंना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे त्यांवरील ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बी.आय.एस. केअर’ या ॲपवर तपासता येतो. हप्त्यांवर घेत असाल तर ‘बिनव्याजी’ या शब्दावर न थांबता प्रक्रिया शुल्क आणि रोखीवर मिळणारी, पण हप्त्यांत बुडणारी सूट धरून एकूण रक्कम काढा.

आपले हक्क आणि तक्रारीचा मार्ग

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यातील तरतुदी आपल्या बाजूने पुरेशा भक्कम आहेत, परंतु त्यांचा लाभ पक्के बिल असणाऱ्यालाच सुखाने घेता येतो. थोडी सूट मिळते म्हणून कच्च्या चिठ्ठीवर माल कधीही उचलू नये.

- बिल देण्याचे नाकारणे ही कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात नमूद केलेल्या मुदतीत, आणि मुदत नमूद नसेल तर ३० दिवसांत परत घेण्यास नकार देणे हीदेखील तशीच प्रथा ठरते. ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असे छापल्याने सदोष मालाची जबाबदारी टळत नाही.
- ऑनलाइन खरेदीत विक्री-मंचाच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि एक महिन्यात निवारण करणे २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केले आहे. खोके उघडताना सुरुवातीपासून अखंड व्हिडिओ काढून ठेवा.
- प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार नोंदवून क्रमांक घ्या. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा; पुष्कळ प्रकरणे येथेच मिटतात.
- तेथेही न मिटल्यास जिल्हा ग्राहक आयोग. ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे तेथे चालतात, ५ लाखांपर्यंत शुल्क नाही, आणि वकील देण्याची सक्ती नाही. तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे पुण्याच्या किंवा बंगळुरूच्या विक्रेत्याकडून मागविलेल्या मालाबद्दल अकोल्याच्या ग्राहकाला अकोल्यातच दाद मागता येते.
- तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. ‘पुढच्या आठवड्यात माणूस पाठवतो’ अशा आश्वासनांवर ती संपू देऊ नका.

तक्रार अर्जासोबत बिलाची प्रत, अनुक्रमांक लिहिलेले आणि दुकानाचा शिक्का असलेले हमीपत्र, यंत्राच्या मागच्या पट्टीचे छायाचित्र, सेवा केंद्राने दिलेल्या प्रत्येक भेटीचा जॉबशीट, आणि आपण पाठविलेल्या पत्रांच्या व संदेशांच्या तारीखवार प्रती जोडाव्यात. सेवा केंद्राचा मनुष्य यंत्र घेऊन जाताना जॉबशीटवर बिघाडाचे वर्णन आपल्याच शब्दांत लिहवून घ्या. ‘तपासणीसाठी’ एवढाच शेरा असेल तर सही करू नका.